खमैसच्या गुपित जागेतले मडके

मित्रांनो, मी एक मडके आहे. माझ्यात कुणी पाणी भरत नाही, दही लावत नाही. माझी जागा समुद्राच्या तळाशी आहे. मी तिथे आडवे पडून ऑक्टोपसची वाट पाहते.

माझा जन्म तुमच्यापासून फार दूर, जेरबा नावाच्या बेटावर एका कुंभाराच्या घरी झाला. तिथले कुंभार जमिनीखाली बोगदे खणून माती काढतात. आमच्या कुंभाराने मला चाकावर आकार दिला, गळ्याशी दोरी बांधायला खाच पाडली आणि बुडाला बोट जाईल एवढे भोक ठेवले. ऑक्टोपस आत ठाण मांडून बसला, की त्या भोकातून चिमूटभर मीठ टाकतात. मग तो स्वतःच लगबगीने बाहेर येतो. मला फोडावे लागत नाही आणि त्यालाही आकडा टोचावा लागत नाही.

भट्टीतून निघाल्यावर आम्हा भावंडांना नावेने करकना बेटावर आणले. तिथल्या खमैस नावाच्या कोळ्याने आम्हाला घेतले. त्याने प्रत्येकाला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. माझ्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, "हे खणखणीत आहे." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

करकनाचा समुद्र मोठा गमतीचा आहे. किनाऱ्यापासून कितीही आत चालत जा, पाणी बराच वेळ कमरेच्या वर येत नाही. तळाशी हिरवे गवत डोलत असते. ऑक्टोपसला अरुंद, अंधारी जागा आवडते. गवताच्या कडेला मडके दिसले, की तो ते घर समजून शिरतो. म्हणून मडके कुठे ठेवायचे याला फार महत्त्व. तिथे प्रत्येक घराची एक जागा असते आणि ती जागा गुपित असते. आमच्या दोरीला कुणी तरंगणारा खुणेचा लाकडी ठोकळा बांधत नाही, कारण तो सगळ्या गावाला दिसेल. किनाऱ्यावरचे खजुराचे एखादे झाड आणि मशिदीचा मिनार एका रेषेत आले, की आपली जागा आली असे ओळखायचे. कुणी विचारलेच तर खोटे सांगायचे. ऐकणाऱ्यानेही ते खोटे आहे हे ओळखून मान डोलवायची. अशी तिथली रीत.

खमैस तर या रीतीत सगळ्यांच्या वरताण होता. सकाळी नाव काढली, की आधी उत्तरेला जायचा. गाव दिसेनासे झाले, की वळून दक्षिणेला यायचा. त्याची बायको सलहा त्याला टोमणे मारी.

"अहो, मला तरी जागा सांगा. उद्या बुडालात तर शोधायला कुठं जायचं?"

"बुडाल्यावर मला जागा काय करायचीय? तू तुझ्या भावाला सांगून मोकळी होशील."

ती वर्षे माझी सुखाची होती. थंडी पडली, की आम्ही पाण्यात जायचो. भरलेली मडकी वर येताना जड लागतात. ते ओझे हाताला जाणवले, की खमैस गुणगुणू लागे. अंगणातल्या दोरीवर ऑक्टोपस वाळत असत. लग्नाच्या जेवणात ते कुसकुसवर, म्हणजे वाफवलेल्या रव्यावर, येत आणि पाहुणे बोटे चाटत. असे वाटायचे, की त्या प्रत्येक घासात थोडा वाटा माझाही आहे.

मग प्लास्टिकची मडकी आली. हलकी, न फुटणारी, स्वस्त. खमैसने ती घेतली आणि आम्ही परसात गेलो. माझ्यात पावसाचे पाणी साचे आणि कोंबड्या ते पीत. एक कोंबडी तर माझ्या काठावर बसून शेजारणीशी भांडायची. मी वाईट वाटून घेतले नाही असे म्हणणार नाही. पण परसातून मला घरातले बोलणे ऐकू यायचे आणि त्यातून समुद्राची हालहवाल कळायची. वादळात प्लास्टिकची मडकी दोऱ्या तोडून तळाशी भरकटत होती. त्यातच तळ खरवडणारी जाळी ओढत काही नावा चोरून येत आणि गवत मुळासकट उपटून नेत. गवत गेले, तसे ऑक्टोपस गेले.

एका संध्याकाळी खमैस सलहाला म्हणाला, "नाव विकतो. स्फाक्स शहरात तुझ्या भावाच्या टायरच्या दुकानात बसतो."

 त्यांची मुलगी वहीदा हे ऐकून गप्प बसणारी नव्हती. तिने गावातल्या कोळ्यांची संस्था उभी केली होती. तिच्या हातात सदा फोन.

"बाबा, राजधानीतले मोठे आचारी मातीच्या मडक्यात धरलेला ऑक्टोपस मागतायत. जाळ्यातला नको म्हणतात, तो फाटलेला असतो. फोनवर फोटो पाठवायचा आणि सरळ विकायचा. मध्ये व्यापारी नाही."

"आणि त्या जाळीवाल्यांचं काय? तो तुझा फोन त्यांना हाकलणार?"

"फोनमध्ये नकाशा आहे. प्रत्येकाने आपल्या मडक्यांची जागा त्यात लावायची. सरकारी पहाऱ्याच्या बोटीला तोच नकाशा दिसतो. मडकी जिथं, तिथं पहारा."

खमैसने दाढी खाजवली. "एक हंगाम बघतो. नाही जमलं तर नाव विकली समज."

दुसऱ्या दिवशी त्याने मला परसातून उचलले, कोंबडीला हुसकावले आणि घासून धुतले. मित्रांनो, त्या दिवशीच्या खाऱ्या पाण्याची चव मी विसरणार नाही.

नकाशावर जागा लावायला सगळे कोळी संस्थेच्या खोलीत जमले, तेव्हा धुतलेली आम्ही मडकी दाराशीच मांडून ठेवली होती. प्रत्येक जण फोन छातीशी धरून, पाठ वळवून अंगठा दाबत होता. वहीदाने नकाशा भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि कपाळाला हात लावला.

"मुनीरदादा, तुझी मडकी मशिदीच्या अंगणात कशी?"

मुनीर हा खमैसच्या शेजारचा तरणा कोळी. तो शांतपणे म्हणाला, "हात-पाय धुवायचा हौद आहे ना तिथं? पाणी ते पाणी."

सगळे हसले. मुनीरने ठिपका हलवून समुद्रात नेला. बाकीचे ठिपके समुद्रातच होते, म्हणून वहीदाने ते मान्य केले.

सुरुवात छान झाली. पहिला मोठा ऑक्टोपस माझ्यात सापडला. वहीदाने माझा आणि त्याचा एकत्र फोटो काढला. राजधानीतून एका आचाऱ्याचे उत्तर आले. खमैस नावेचे वल्हे पुसत बसला होता, जणू त्याचे लक्षच नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काय म्हणतोय तो स्वयंपाकी?"

"म्हणतोय, असाच रोज पाठवा."

"मडक्याबद्दल काही म्हणाला?"

"म्हणाला, मडकं देखणं आहे."

खमैसने मला टिचकी मारली. मी होते त्याहून जास्त खणखणले असेन.

एके सकाळी माझी दोरी कुजली म्हणून खमैसने मला धक्क्यावर आणले होते. माझी भावंडे पाण्यातच होती. तो नवी दोरी ओवत असताना कुणीतरी ओरडले, "जाळीवाले!" दूर दक्षिणेला एक नाव मागे पाणी गढूळ करत येत होती. उत्तरेलाही तशीच एक दिसत होती. वहीदाने पहाऱ्याच्या बोटीला फोन लावला. वारा होता, म्हणून तिने आवाज मोठा केला. अख्खा धक्का ऐकत होता.

बोटीवरचा अधिकारी म्हणाला, "दोन नावा आणि माझी बोट एक. नकाशात तुमची सगळी मडकी उत्तरेला दिसतायत. मी उत्तरेला निघालो."

खमैसच्या हातातली दोरी थांबली. मी त्याच्या मांडीवर होते.  माझी भावंडे दक्षिणेला होती.

"बाबा," वहीदा हळूच म्हणाली, "आपली मडकी कुठं आहेत?"

"नकाशात लावलीत तिथं."

"बाबा."

"म्हणजे... जरा दक्षिणेला."

"जरा म्हणजे किती?"

खमैसने इकडे तिकडे पाहिले. धक्क्यावर मुनीर होता, सलहा होती, सगळे गाव होते. दक्षिणेची नाव पुढे सरकत होती. नकाशावर न सांगितलेली जागा पहाऱ्याच्या बोटीला कशी राखता येणार? मडकी गेली तर हंगाम गेला, आणि हंगाम गेला तर नाव गेली.

तो उभा राहिला. मी काखेत. आणि तो फोनकडे तोंड करून ओरडला, "वाकड्या खजुराच्या रेषेत मिनार धरायचा, जिथं गवत संपून वाळू लागते तिथं! माझ्या वडिलांची जागा आहे ती! तिकडं जा!"

 मग मुनीर हसू लागला.

"खमैसकाका, ही जागा मला माझ्या वडिलांनी सांगितली होती. म्हणाले, पोरा, तिथं चुकूनही मडकं टाकू नकोस, ती खमैसची आहे."

"माझ्याही," मागून एक म्हातारा म्हणाला. "अरे, हे गावात कुणाला ठाऊक नाही?"

खमैसने सलहाकडे पाहिले. "तुला?"

"लग्नाच्या वर्षापासून."

"मग सारखी विचारायचीस कशाला?"

"तुम्हाला सांगावंसं वाटतंय का, ते बघत होते."

यावर जे हसू फुटले, त्यात खमैसही सामील झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, पण ते वाऱ्याने असेल. मुनीर फोनजवळ वाकला. "साहेब, माझीही दक्षिणेलाच आहेत हो." मग एकच गिल्ला झाला. "माझी दीपस्तंभाखाली!" "माझी जुन्या बुडालेल्या नावेपाशी!" फोनमधून अधिकारी ओरडत होता, "अहो, एकेक जण बोला! बोट वळवलीय मी!"

पहाऱ्याची बोट दक्षिणेला धावली. जाळीवाल्याने तिला येताना पाहिले, दोर कापला आणि पळ काढला. माझी काही भावंडे फुटली. बाकीची वाचली. उत्तरेची नाव मात्र रिकाम्या पाण्यात जाळे ओढत राहिली आणि परतताना पहाऱ्याच्या हाती सापडली. त्या दुपारी संस्थेच्या खोलीत चहा उकळत होता, आणि माणसे हसत हसत एकेक खोटा ठिपका खऱ्या जागी नेत होती.

हंगाम चांगला गेला. खमैसने नावेला नवा निळा रंग दिला आणि मेहुण्याला फोनवर कळवले, "तुझे टायर तूच सांभाळ."

मे महिन्यात ऑक्टोपस धरण्यावर बंदी येते, म्हणजे ऑक्टोपसला वाढायला मोकळीक मिळते. सगळी मडकी वर काढायची असतात. खमैसने मला ओढले, आत डोकावला आणि थबकला. माझ्या छताला द्राक्षांच्या घडासारखी अंडी लोंबत होती आणि त्यांची आई आठही हात पसरून त्यांना झाकून बसली होती. त्याने मिठाच्या पिशवीला हात लावला नाही. मला अलगद पुन्हा पाण्यात सोडले आणि वहीदाला फोन केला, "एक मडकं राहतंय. नकाशावर खूण कर. त्या पहाऱ्याच्या साहेबांनाही कळव."

तो उन्हाळा मी समुद्रात काढला. वरून नावा जात, पण माझ्या जवळ आल्या, की त्यांचे यंत्र बंद होई आणि वल्ही हळू चालत. ती आई काही खात नव्हती. दिवसरात्र अंड्यांवर ताजे पाणी फुंकत होती. मग एका सकाळी भाताच्या कण्यांएवढी पिल्ले माझ्या तोंडातून बाहेर पडून उजेडाकडे गेली. आईचे काम संपले. उपाशी राहिलेल्या तिने मग प्राण सोडला.

मित्रांनो, तुमच्या गावातही तुम्हाला पोसणारी एखादी नदी, एखादे तळे, एखादे रान असेल. त्यातून घ्या, पोटभर घ्या. पण कुणाचे घर कुठे आहे ते आधी माहीत करून घ्या आणि ते एकमेकांना सांगा. लपवलेल्या जागेवर पहारा बसत नाही. हातात नवे साधन आले तर त्याला खरे सांगा, म्हणजे ते तुमच्या उपयोगी पडेल. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा टिचकी मारून पाहा.

बंदी उठली त्या दिवशी खमैसने मला वर ओढले. मी हलके होते. त्याने मला उजेडाकडे धरले, आत पाहिले, तळापर्यंत पाहिले. आयुष्यभर भरलेल्या मडक्यांची वाट पाहणारा तो माणूस रिकामे मडके छातीशी धरून खदखदून हसला.