तुंगाचं दूध घट्ट झालं तेव्हा

मित्रांनो, माझ्यात आजवर कोणी जेवलेलं नाही. मी एक जुनी प्लॅस्टिकची थाळी, चार खोलगट वाट्यांची. गाईचे सड चार, म्हणून माझ्या वाट्याही चार. प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळं घ्यायचं, त्यात जांभळं औषध घालून मला गोल फिरवायचं. दूध पातळच राहिलं तर कास निरोगी. पेजेसारखं घट्ट झालं तर आत आजार आहे, मग वरून कास कितीही देखणी दिसो.

बंगळूरच्या राजाजीनगरात नरसिंहरावांच्या गोठ्यात मला त्यांच्या नातीने, अनुषाने आणलं. ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते आहे. गोठ्यात दोन गाई होत्या. तुंगा दिवसाला बावीस लिटर द्यायची, हेमा जेमतेम बारा. तुंगाचं कौतुक काय विचारता! कोणी पाहुणा आला की नरसिंहराव आधी तुंगा दाखवत, मग चहाचं विचारत. तिची कास मात्र वरचेवर सुजायची. इतकं दूध म्हणजे दृष्ट लागणारच, असं म्हणून त्यांच्या पत्नी सकवारबाई मीठ-मिरच्या ओवाळून टाकत. मी खुंटीवर धूळ खात होते.

मग शेजारी मोठी इमारत उठली आणि गोठा निम्मा झाला. जागा एकाच गाईपुरती उरली. नरसिंहरावांनी हेमाला दोड्डबळ्ळापूरच्या नातेवाइकांकडे पाठवायचं ठरवलं. टेम्पो दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा अनुषाने मला खुंटीवरून ओढलं.

"अज्जा, स्वल्प थांबा. दोघींना तपासते, मग न्या."

"बारा लिटरवालीचं काय तपासतेस?" नरसिंहराव म्हणाले.

हेमाचं दूध चारही वाट्यांत पाण्यासारखं फिरलं. तुंगाच्या दोन वाट्या घट्ट झाल्या.

"कालच दृष्ट काढली की मी हिची," सकवारबाई कासावीस होऊन म्हणाल्या.

"अज्जी, पहिली धार भूमीला म्हणून तुम्ही इथंच सोडता. त्या ओल्यात आजाराचे जंतू वाढतात आणि दोघी तिथंच बसतात. मग हेमाला का होत नाही? तिच्या आईची कास कधी सुजलेली आठवते?"

सकवारबाईंनी खूप आठवून पाहिलं. "नाही बाई. हिच्या आजीची पण नाही."

"रक्तातून येतंय ते. आपण नुसतं दुधाचं माप बघितलं."

मी थक्क झाले, मित्रांनो. माझ्या वाटीत दोन धारा दूध, आणि त्या दोन धारांत हेमाची आई होती, आजी होती! त्याहून नवल पुढेच कळलं. जो वळू आयुष्यात कधी दूध देत नाही, तोही आपल्या लेकीला चांगली किंवा वाईट कास देऊन जातो. हे सगळं गाईच्या पोटात कोण, कधी ठरवतं, मला अजून उमगलेलं नाही.

नरसिंहरावांनी गोठ्यात चौफेर नजर फिरवली. कोपऱ्यात त्यांची तीस वर्षांची लाडकी स्कूटर उभी होती. ती त्यांनी स्वतः ढकलत रस्त्यावर नेली आणि तिच्या जागी हेमाला बांधलं. टेम्पो रिकामा गेला.

तुंगाला औषधं मिळाली, तिच्याखालची जमीन आता कोरडी असते. पण तिचा एक सड कायमचा आटला. मला आधी खुंटीवरून काढलं असतं तर तो वाचला असता. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

तुंगाच्या पुढच्या वेतासाठी अनुषाने असा वळू निवडला, ज्याच्या लेकींच्या कासा सहसा सुजत नाहीत.

"लेकीचं दूध कमी होईल काय?" नरसिंहरावांनी विचारलं.

"स्वल्प होईल, अज्जा."

ते तुंगाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग मान डोलावून म्हणाले, "सरी, तसंच करू."

गेल्या आठवड्यात तुंगाला कालवड झाली. हरभऱ्याएवढे चार सड आहेत तिला. त्यांत आईचं किती उतरलं आणि बापाचं किती, हे ती दूध देऊ लागल्यावर, तीनेक वर्षांनी कळेल. माझ्या कडेला आत्ताच तडा गेला आहे, तोवर मी काही टिकत नाही. मित्रांनो, तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी नवी थाळी घेऊन तिच्यापाशी बसा. कास सुजायची वाट पाहू नका. आणि बसण्याआधी हात स्वच्छ धुवा.