वळणावरचा जोड

"आता डावीकडे घ्या, ताई. अगदी अडेपर्यंत," चाकापाशी उताणा पडलेला धाकटा म्हणाला.

स्टिअरिंगवर बसलेल्या नर्सबाईंनी तसे केले. गाडी जुनी, त्यांच्याइतकीच राबलेली. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची म्हणजे बाईंनाही सुट्टी नाही आणि गाडीलाही नाही. पुढचे एक चाक काढून ठेवले होते आणि गाडी लोखंडी घोडीवर टेकवली होती. धाकट्याच्या छातीवर वायर तपासायचा मीटर होता. स्टिअरिंग सरळ असताना मीटरवरचा आकडा शहाण्यासारखा उभा होता. डावीकडे वळवताच तो उड्या मारू लागला आणि शेवटी गायबच झाला.

"परत सरळ करा."

आकडा निमूट परत आला. धाकटा मनात म्हणाला, सापडलास लेका.

चाकापाशी एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरते आहे हे तो गाडीला सतत कळवत राहतो. ब्रेक जोरात दाबला आणि चाक जाम होऊ लागले, की गाडी आपणहून त्या चाकाचा ब्रेक जरा सैल करते, म्हणजे ती घसरत नाही. त्या सेन्सरची वायर आतल्या आत तुटली होती. चाक सरळ असले की तुटकी टोके एकमेकांना चिकटून राहायची आणि वळले की फारकत घ्यायची.

'धाकटा' हे काही त्याचे नाव नव्हे. पण गॅरेज थोरल्या भावाचे, कामातली विद्याही थोरल्या भावाची, आणि गिऱ्हाइकांना दोघांत फरक करायला काहीतरी हवे. म्हणून डोक्यावरचे केस पिकून गेले तरी हा आपला धाकटाच राहिला. त्याबद्दल त्याची कधी कुरकुर नव्हती. खरे तर खाली झोपायची जागा त्याची नव्हतीच. हे काम दोघांचे असते. एकाने खाली वायर आणि मीटर धरायचा, दुसऱ्याने वर बसून सांगितले तसे स्टिअरिंग फिरवायचे. खाली दादा, वर धाकटा, ही वाटणी मिसरूड फुटल्यापासून ठरलेली. आज दादा न्हाव्याकडे गेले होते आणि न्हाव्याकडे गेलेले दादा जगाची उठाठेव केल्याशिवाय परतत नसत.

"काल फार वाईट झालं असतं हो," वरून नर्सबाई म्हणाल्या. "उतारावर एक आजोबा मध्येच आले. मी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी सरकतच गेली. ओला रस्ता. त्यांच्या काठीला टेकून थांबली. काठी पडली, ते नाही पडले. वर तेच मला सॉरी म्हणाले."

"धोक्याचा दिवा लागला नव्हता समोर?"

"लागला होता की. चांगला आठवडाभर लागत होता. पण मोठ्या भाऊंनी मागच्याच महिन्यात वायर जोडून दिलेली, तुम्ही लेकीकडे गेला होता तेव्हा. मला वाटलं, भाऊंनी केलंय म्हणजे वायर ठीकच असणार. दिवाच बिघडला असेल."

धाकट्याचा हात जागच्या जागी थांबला.

त्याने टॉर्च तोंडात धरली आणि सेन्सरपासून वायर बोटाने चाचपत वर नेली. चाकाबरोबर जिथे वायर वळते, नेमक्या तिथे काळ्या टेपचा गठ्ठा होता. त्याने चिखल पुसला. टेपचे टोक आत दुमडलेले होते, इवलेसे, नखाला धरता येईल एवढेच. असे टोक साऱ्या गावात एकच माणूस दुमडायचा. "आपण बांधलेलं उद्या कोणीतरी सोडणार. त्याच्या नखाला त्रास नको," असे दादा म्हणायचे.

आणि त्याच दादांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवले होते, जोड कधी वळणावर घ्यायचा नाही. जी वायर रोज वाकते तिच्यात मध्येच कडक जोड दिला, की ती जोडाच्या कडेला तुटणार. लागेल तेवढी वायर बदलायची, पण जोड न हलणाऱ्या जागी न्यायचा आणि वायर क्लिपांमध्ये नीट बसवायची. क्लिपा वीतभर अंतरावर होत्या. तिन्ही रिकाम्या. ज्याला दिसते त्याला त्या दिसल्याच असत्या.

धाकटा तसाच पडून राहिला. गेले काही महिने दादा त्याला पान्याचा नंबर वाचायला सांगत होते. "चष्मा घरी राहिला," म्हणायचे. वहिनी हल्ली त्यांच्या हातात कप देताना कपाचा कान त्यांच्या बोटांकडे वळवून द्यायची. हे सगळे त्याने पाहिले होते, आणि पाहून न पाहिल्यासारखे केले होते. त्याला दादांचा राग आला. लगेच त्या रागाची लाजही वाटली.

"काय सापडलं?" नर्सबाईंनी विचारले.

"आमचंच काम चुकलंय, ताई. तुम्ही बाकावर बसा, मी करून देतो."

त्याने टेपसकट तेवढा तुकडा कापून काढला. तो खिशात टाकणार, एवढ्यात दादा आलेच. नुकतीच दाढी झालेली, मानेला पावडर, आणि बाकाला पाय लागू नये म्हणून हात जरासा पुढे धरलेला.

"कोणाची गाडी?"

गाडी निळी होती आणि तिला ओळखायला दादांना कधी विचारावे लागत नसे.

"नर्सताईंची. सेन्सरची वायर गेली होती," धाकटा म्हणाला. "उंदराने कुरतडली."

"बघू."

तुकडा देणे भाग पडले. दादांनी तो डोळ्यांसमोर धरलाच नाही. अंगठ्याने चाचपला. अंगठा टेपवर गेला, दुमडलेल्या टोकापाशी थांबला.

"उंदीर फारच टापटिपीचा निघाला," ते म्हणाले. "टोक दुमडून गेलाय."

धाकटा हातातली पक्कड पुसू लागला.

"कुठे होता हा जोड?"

"वर. मडगार्डच्या आत."

"तिथली वायर हलत नाही. आणि हलत नाही ती अशी जोडाच्या कडेला तुटत नाही. हे तुला मीच शिकवलंय ना? मग मलाच कशाला बनवतोस?" दादांचा आवाज चढला नव्हता. "वळणावर होता?"

"हो."

"कोणाला काही झालं?"

"एका म्हाताऱ्याची काठी पडली. गाडी थांबलीच नाही वेळेवर. थोडक्यात वाचले. दिवा लागत होता, पण काम तुमचं म्हणून ताईंना दिवाच बिघडलेला वाटला."

दादांनी तो तुकडा बोटांत फिरवला. मग हळू म्हणाले, "क्लिपा मला दिसल्या नाहीत रे. हाताला वायर जिथे लागली, तिथेच जोडून टाकली. डाव्या डोळ्यापुढे तर केव्हापासून नुसतं धुकं आहे. तुझ्या वहिनीला ठाऊक आहे. तुला सांगणार होतो. मग वाटलं, हात तर आहेत अजून. हातांनी करू."

"मला सांगायचं होतंत, दादा. मी काय परका आहे?"

"तुला सांगितलं असतं, तर तू मला खाली झोपू दिलं असतंस का?"

धाकट्याने मान खाली घातली. त्याला त्या क्षणी दादांना मिठी मारावीशी वाटली, पण दोघांच्या आयुष्यात तशी पद्धत नव्हती आणि हातही ग्रीसने माखलेले होते.

"ताई कुठे आहेत?"

"बाकावर. मी सांगितलंय त्यांना, आमचंच चुकलं म्हणून."

"आमचं नाही. माझं." दादा बाकाकडे वळले. "ताई, जोड मी चुकीच्या जागी दिला होता. मला नीट दिसत नाही. काल काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं. तुम्ही दिव्याचं ऐकायला हवं होतंत, माझं नाही."

नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. रागवावे की समजूत घालावी हे त्यांना ठरवता आले नसावे. त्यांनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा करून दिली. "बसा, भाऊ. डोळे कोणाला दाखवलेत का?"

"आता दाखवीन," दादा म्हणाले आणि जरा टेकले.

धाकटा कामाला लागला. सेन्सरपाशी नवा लवचीक तुकडा घेतला, तो वळणावरून सलग वर नेला आणि जोड मडगार्डच्या आत, न हलणाऱ्या जागी दिला. जोडावर नळी चढवून गरम हवेने आवळली. वायर तिन्ही क्लिपांमध्ये एकेक करून बसवली. वरून टेप गुंडाळला, टोक कापले आणि दुमडले. हे त्याने मुद्दाम केले नाही. त्याच्या बोटांना दुसरे काही येतच नव्हते.

आता मीटर लावून बघायचे राहिले. धाकटा पुन्हा खाली सरकला. स्टिअरिंग फिरवायला नर्सबाई बाकावरून उठू लागल्या.

"तुम्ही बसा," दादा म्हणाले.

ते उठले. गाडीच्या कडेला हात लावत दारापर्यंत गेले, दार उघडले आणि सीटवर बसले. सीटवर बसून स्टिअरिंग हातात धरायला डोळे लागत नाहीत. खालून धाकट्याला त्यांच्या चपला दिसल्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. गिऱ्हाइकाच्या गाडीत चपलेची घाण नको, ही सवय त्यानेही त्यांच्याकडूनच उचलली होती.

धाकट्याने मीटर लावला.

"सांग की," वरून आवाज आला.

"डावीकडे घ्या, दादा."

"किती?"

"अडेपर्यंत."

स्टिअरिंग सावकाश फिरले. वायर चाकाबरोबर वळली, क्लिपांमध्ये जराशी ताणली आणि सैलावली. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही.

"आता उजवीकडे."

आकडा तसाच.

"पुन्हा डावीकडे."

दादांनी पुन्हा डावीकडे घेतले. सांगितले तेवढेच, बोटभर कमी नाही की जास्त नाही. वर बसणाऱ्याने कसे वागायचे ते त्यांना पक्के माहीत होते.

"सोडू का?" त्यांनी विचारले.

मीटरवर बघण्यासारखे आता काही उरले नव्हते. धाकट्याने बाहीने डोळे पुसले, तर कपाळाला ग्रीस लागले.

"थोडं धरून ठेवा," तो म्हणाला.

"बरं," दादा म्हणाले आणि धरून बसले.