गवतातले दगड

शालिकरामने वाकून दोन बोटांत एक खडा उचलला आणि वर न पाहताच डाव्या हाताने गवतात भिरकावला. चार पावलांवर एक स्क्रू दिसला. तो मात्र त्याने नीट पुसून गळ्यातल्या थैलीत टाकला.

सकाळची साफसफाई चालू होती. धावपट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तीस माणसांची रांग, मजूर आणि वर्दीवाले सारे एकत्र, आणि प्रत्येकाची नजर आपल्या पायापुढे. लढाऊ विमानाचं तोंड बकासुराचं. खिळा, खडा, तारेचा तुकडा, समोर येईल ते ओढून घेतं, आणि मग त्याच्याच पोटात आग होते. म्हणून पहिलं विमान हलायच्या आत रोज ही रांग चालायची.

"खाली पाहा गा, खाली! आभाळात काय पोपट हायेत?" मागून नत्थूजी मुकादम ओरडला.

शालिकराम रांगेच्या डाव्या टोकाला चालायचा. तीन वर्षांपासून ती जागा त्याचीच. तिथून गवत दिसायचं, टिटव्या दिसायच्या, पारशिवनीकडचं शेत आठवायचं. ते शेत आता धाकटा भाऊ पाहत होता आणि शालिकराम शहरात, नंदनवन वस्तीत, मुलाकडे राहायला आला होता. त्याच्या शेजारची जागा आज बाराव्या दिवशीही रिकामी होती. ती रामाजीची, त्याच्याच गावच्या सोबत्याची.

बारा दिवसांपूर्वी रामाजी खांद्यावरच्या मशीनने धावपट्टीकडेचं गवत कापत होता. पात्याखालून दगड उडाला, तोंडावरची जाळी फोडून भुवईत घुसला. सात टाके पडले. डोळा वाचला, पण अजून धुरकट दिसायचं. नत्थूजीने कागदावर लिहून दिलं की रामाजीने मशीन खडीच्या रस्त्यावर नेलं, नियम मोडला. रामाजी एकच सांगत होता, मी गवतातच होतो. पण गवताखाली सगळी काळी माती. त्यात दगड येणार कुठून? कोणी विश्वास ठेवला नाही. चौकशीचा कागद उद्या वर जायचा होता, आणि त्यासोबत रामाजीचा गेटपासही.

शालिकरामला तो प्रश्न सोडत नव्हता. गवतात दगड आले कुठून? जेवताना, सायकलवर, झोपेतही तेच. त्याला काहीही विचारल्यावाचून राहवत नसे. सुरक्षेच्या वर्गातसुद्धा त्याने हात वर केला होता. शस्त्रं लावतात त्या विमानापुढे जमिनीवर लाल पट्टा असतो, विमान भरलेलं असो की रिकामं, तो ओलांडायचा नाही, असं सुरक्षा अधिकारी गार्गी मॅडम शिकवत होत्या.

"रिकामं हाय हे मले माहीत असलं, तरीबी?" त्याने विचारलं होतं.

"माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, काका," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्या वाटण्यासाठीच तो पट्टा आहे."

सारे हसले होते. शालिकराम हसला नव्हता. ते बोलणं त्याने मनात ठेवून दिलं होतं.

रांग संपली तेव्हा निरोप आला. गार्गी मॅडमनी बोलावलंय.

"तू काहून मधात पडून राहिला गा?" नत्थूजी जवळ येऊन हळूच म्हणाला. "ज्याचं नाव निघन, त्याचा पास जाईन. म्हाताऱ्या माणसानं गप राहावं."

"मले फक्त पाहाचं हाय," शालिकराम म्हणाला.

मॅडमच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर पसरली होती आणि तिच्यावर दगड मांडले होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर रामाजी बसला होता, डोळ्यावर पट्टी.

"हे एकेचाळीस दगड गवतातून वेचलेत," मॅडम म्हणाल्या. "रामाजी म्हणतात, माती तुम्हाला कळते. हे कुठून आले, सांगा."

शालिकरामने एक दगड घेतला, वास घेतला, नखाने खरवडला. त्याला बरं वाटलं. किती दिवसांनी कोणी त्याला मातीतलं विचारत होतं.

"हे मातीतले नाही, मॅडम. पाहा, एका अंगाले डांबर हाय. धावपट्टीच्या कडेचे निघाले हे."

"मी काय म्हणत होतो?" रामाजी स्टुलावरून उठलाच. "रस्त्याची खडी नोहे ते!"

"बस गा, टाके तुटतीन."

"मग गवतात गेले कसे?" मॅडमनी विचारलं.

"इमानाच्या वाऱ्यानं उडाले असतीन."

"मलाही तेच वाटलं होतं. पण वारा मागे फेकतो, आणि हे बघा." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. मध्ये धावपट्टी, दोन्हीकडे गवत, जिथे जिथे दगड सापडला तिथे लाल ठिपका.

शालिकरामने चष्मा लावला. कागदावरची अक्षरं तो बोट ठेवून वाचायचा. दीड वर्षापूर्वी नात मिनलने त्याला वाचायला शिकवलं होतं. कामाला लागला तेव्हा नियमांच्या कागदावर त्याने अंगठाच लावला होता. काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्यानेही, सगळं विचारणाऱ्या माणसाने, ते तेवढं विचारलं नव्हतं.

"उज... वी... बाजू," त्याने वाचलं. तिथे तीन ठिपके होते. "डावी बाजू." तिथे अडतीस, ओळीने, पेरल्यासारखे.

"सगळे कडेपासून बारा-पंधरा पावलांवर," मॅडम म्हणाल्या. "वारा असा मोजून टाकत नाही."

शालिकरामचं बोट कागदावरच राहिलं. मग त्याने ते उचललं आणि तो आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. बाहेर कुठेतरी एक इंजिन सुरू होऊन बंद पडलं.

"काका?"

"मले एक दगड द्या," तो म्हणाला. "आन् बाहेर चला."

धावपट्टी त्या वेळी बंद होती. परवानगी घेऊन तिघे कडेला आले. गवतात दगडांच्या जागी लाल झेंड्या रोवलेल्या होत्या, दूरवर ओळीने. नत्थूजीही काय चाललंय ते पाहायला मागून आला. शालिकराम आपल्या रोजच्या जागी उभा राहिला. खाली वाकला, दगड ठेवला, उचलला, आणि वर न पाहताच डाव्या हाताने भिरकावला.

दगड दोन झेंड्यांच्या मधोमध पडला.

नत्थूजीने कपाळावर हात मारला.

"लोखंड थैलीत टाकाचो," शालिकराम म्हणाला. "दगड तिकडं. तीन सालापासून. पट्टी साफ झाली, काम झालं, असं मले माहीत..." तो थांबला. "असं मले वाटे."

रामाजीकडे त्याला बघवत नव्हतं.

मॅडमनी नोंदवही उघडून त्याच्यापुढे धरली. "तुमच्या हाताने लिहा, काका. नाव आणि कारण. पासचं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. पण रामाजींचा कागद आता बदलेल."

शालिकरामने पेन घेतला. नावाला वेळ लागला. कारणाच्या रकान्यापाशी तो बराच थबकला, मग त्याने दोनच अक्षरं काढली, मोठी आणि वाकडी.

मॅडमनी वही आपल्याकडे वळवली. "धुरा? हे काय?"

शालिकराम पेनाला टोपण लावत राहिला.

"शेताची कड, मॅडम," रामाजी म्हणाला. एका डोळ्याने तो झेंड्यांच्या ओळीकडे पाहत होता. "आमच्याकडं वावरातला दगड तिकडंच फेकतेत. मीबी फेकाचो." मग तो वळला. "चाल गा शालिक. आता टाकला तो तरी उचलून आण."