पांढरंच राहिलेलं दूध

पिशवीवर एकही सुरकुती नव्हती. दिव्याखाली धरून त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. वीतभर लांब, चारही कडा वितळवून बंद केलेली, आत काठोकाठ दूध, हवेचा एक बुडबुडा नाही. बुडबुडा राहिला तर पिशवी तिथंच चेपते, फाटते. नाही राहिला तर समुद्राच्या सगळ्यात खोल तळाशी असतो त्याच्या चौपट दाब देऊनही ती जशीच्या तशी बाहेर येते, कारण पाणी तिला सगळीकडून सारखंच दाबत असतं... सगळीकडून सारखंच. चार महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या जिन्यात लोक म्हणत होते, किती धीराचे हो तुम्ही — आणि ते लेकीच्या चपला हातात धरून नुसतीच मान हलवत होते.

“आजोबा, टाका ना आता.”

नात उंच स्टुलावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. शाळेला सुट्टी, आजीला ताप, म्हणून आज ती प्रयोगशाळेत. काचेची भांडी धुणाऱ्या बाई तिच्याकडे बघत कौतुकानं म्हणाल्या, “भुंगा किती शहाणा झाला हो! मागं आला होता तेव्हा माझं डोकं उठवलं होतं. आज आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही.”

“मोठी झाली,” ते म्हणाले.

पोलादी नळकांड्यातल्या पाण्यात पिशवी सोडून त्यांनी झाकण फिरवून घट्ट केलं. कुणी लहान समोर असलं की त्यांच्या आवाजात आपोआप सवड येई. दुधात प्रथिनांचे बारीक बारीक गोळे तरंगत असतात, उजेड त्यांच्यावर आपटून माघारी येतो, म्हणून दूध आपल्याला पांढरं दिसतं. चुन्यात असतं ना, तसलं कॅल्शियम त्या गोळ्यांना आतून धरून ठेवतं. दाब वाढला की ते सुटतं, पाण्यात विरघळतं. गोळे फुटतात, त्यांचे इतके बारीक तुकडे होतात की उजेडाला अडवायला कुणी उरतच नाही. “मग दूध धुरकट काचेसारखं होतं. न उकळता. बघशील तू.”

पंप सुरू झाला. घूं... त्याचा तो जाड, एकसुरी आवाज खोलीत भरला, आणि ते थांबले — कशासाठी, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटलं. त्यांनी दाराकडेही पाहिलं.

नातीला कधी न्यायचं ते शाळा उघडायच्या आत ठरवू, असं जावई म्हणाला होता. लांबच्या गावची नोकरी त्याची. रोज दुपारी फोन येतो. कशी आहे? मजेत. रडते का? छे, अजिबात नाही, रमलीय इथं. रमलीय असं ऐकलं की तो तिला न्यायचं पुढं ढकलतो... आणि मी खोटं कुठं बोलतो? जेवते, झोपते, वेणी घालून घेते. तिला नेलं तर घरात लेकीचं काय उरणार? कपाटातले कपडे?

दाब उतरला. त्यांनी पिशवी काढून पुसली, नातीच्या हातात दिली.

“आजोबा, पांढरंच आहे.”

त्यांनी चष्मा सारखा केला. ट्रेकडे नजर गेली आणि कानशिलं गरम झाली. साय काढलेल्या दुधाऐवजी त्यांनी शेजारच्या ट्रेमधलं सायीचं दूध घेतलं होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“आता झालीच तुमची निवृत्ती!” बाई हसल्या.

“म्हणजे काहीच झालं नाही?” नातीनं विचारलं.

“झालं ना. गोळे फुटलेच. पण सायीचे थेंब आहेत ना यात, ते उजेड अडवतात. म्हणून वरून दिसत नाही.”

“चव?”

“तीच लागेल.”

“मग कळणार कसं?”

“तसं... नुसतं बघून नाही कळायचं.”

ती पिशवी बोटांनी हलकेच दाबत राहिली. “आता दाब काढला ना? मग परत जोडले का ते?”

“काही जोडतात. पण पहिल्यासारखे नाही.”

“बरं,” ती म्हणाली. उत्तर पुरेसं असल्यासारखं. पिशवी तिनं ट्रेमध्ये नीट, कडेला कड लावून ठेवली आणि हात पुन्हा मांडीवर घेतले.

त्यांनी साय काढलेल्या दुधाची पिशवी आत टाकली, पंप सुरू केला. घूं... आणि आता कळलं काय यायचं राहिलंय ते. लेक तिला इथं सोडून बाजारात जायची, तेव्हा ही पंपाच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची, पंप थांबला तरी थांबायची नाही. म्हणून तर भुंगा. नाव त्यांनीच ठेवलेलं. घरातही — जेवताना, जिना चढताना, झोपेतसुद्धा. त्यांनी मागं जाऊन आठवून पाहिलं: काल, परवा, सुट्टी लागली तेव्हा, पाहुणे पांगले तेव्हा... चार महिने घर इतकं शांत होतं आणि त्या शांततेला ते रमणं म्हणत होते.

“भुंग्या,” त्यांनी हाक मारली. तिनं शहाण्यासारखं वर पाहिलं.

टेबलावरचा फोन वाजला. पंप चालूच होता, म्हणून जावयाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“बाबा, कशी आहे ती?”

मजेत — शब्द ओठांवर तयार होता, रोजच्या सवयीनं, गुळगुळीत. नात स्टुलावरून पंपाकडे पाहत होती, ओठ मिटून.

“ऐकताय ना, बाबा?”

“ऐकतोय,” ते म्हणाले, आणि फोन कानाशी धरून पंपाच्या आवाजात भुंग्याचा सूर शोधत राहिले.