एकाचं शून्य

ऋताने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबली आणि चौथ्यांदा तीच चौकट पडद्यावर आली. टास्क मॅनेजर तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे. खाली फक्त 'ओके'. दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

तिने ओके म्हटलं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता आणि माउसचा बाण पडद्यावर चिखलातून चालल्यासारखा सरकत होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन वाजता नोकरीची ऑनलाइन परीक्षा. मोहालीतल्या ज्या कंपनीने तिला बोलावलं होतं, तिने मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, मधेच बंद पडली तर पुन्हा संधी नाही. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी तिला बाळाचं वजन सोडून दुसरं काही विचारणार होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"प्रसन्न, कॉम्प्युटर मरायला टेकलाय. मेमरी कोण खातंय ते बघायचंय, तर टास्क मॅनेजरच उघडत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलाय म्हणे."

"मग उघड की. घरातली अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तूच ना. मी तर गेस्ट अकाउंट."

"चेष्टा नको. व्हायरस असेल का?"

"पक्का व्हायरस. फॉरमॅट मार यार."

"पन्नास मिनिटांत?"

पलीकडे कुणीतरी 'प्रसन्न जी' अशी हाक मारली आणि फोन कटला.

ऋता खुर्चीत मागे रेलली. नोकरीत असताना असं काही झालं की आयटीवाल्यांना कळवायचं आणि चहाला जायचं. आता चहाही स्वतःच करायचा. बाल्कनीत चंडीगढचं जानेवारीतलं ऊन होतं. तिथे चटईवर निशिगंधा दुपट्यात झोपली होती आणि तिच्या शेजारी ऋताच्या सासूबाई, लीलावतीबाई, मटार सोलत होत्या. सकाळी गाडीवाल्याशी हिंदीत घासाघीस करून त्यांनी दोन किलो घेतले होते. पुढच्या मंगळवारी दिल्लीहून त्यांची मिरजेची गाडी होती. तोवर फ्रीजर भरून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पेपर चांगला गेला तरी निशीला कोण बघणार, हे ऋताने कुणाला विचारलं नव्हतं. आईंना तर नाहीच. पाच महिने त्या राहिल्या, रात्री जागल्या, आता त्यांना त्यांचं घर हवं असेल. आणखी थांबा म्हणायचं कोणत्या तोंडाने?

"काय झालं गं? आवाज कसला येतोय त्याचा?"

"काही नाही आई. टास्क मॅनेजर कुणीतरी बंद केलाय."

मटार सोलणारे हात थांबले. लीलावतीबाईंनी परात बाजूला सरकवली, पदराला हात पुसले आणि आत येऊन खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या.

"कुणीतरी नव्हे. मीच."

ऋता वळली.

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा प्रसन्नने हा आणला. म्हणाला, आई, तू लावून ठेव. मग लावला की. दोघींची खाती केली आणि…" त्या ओशाळल्या. "चोवीस वर्षं शाळेची लॅब सांभाळली. पोरं टास्क मॅनेजर उघडायची आणि माझा पहारेकरी प्रोग्राम ठार करून गेम खेळत बसायची. त्यामुळे नवं मशीन आलं की पहिलं काम ते. हाताला वळणच पडलंय. इथे पोर एकच, आणि तिला अजून बसताही येत नाही, हे ध्यानातच आलं नाही."

ऋताला हसू फुटलं. मग घड्याळ दिसलं.

"आता काढायचं कसं?"

"रजिस्ट्री उघड. करंट यूजर. सॉफ्टवेअर…" लीलावतीबाईंनी डोळे मिटले आणि परवचा म्हणावा तसा सगळा रस्ता सांगत गेल्या, कुठे वळायचं, काय उघडायचं, एकदाही न अडखळता. "पॉलिसीज. त्यात सिस्टम. उजवीकडे बघ, डिसेबल टास्क मॅनेजर असेल. तिथे एक आहे, त्याचं शून्य कर."

ऋताने एकाचं शून्य केलं. पुन्हा तीन बटणं दाबली. टास्क मॅनेजर उघडला.

"आई, तुम्ही ग्रेट आहात."

"असू दे, असू दे. मीच घातलेली गाठ. बघ आता, कोण खातंय."

यादीत वरती दोन नावं होती. ऋताच्या नावापुढे थोडंसं. लीलावतीच्या नावापुढे जवळजवळ सगळं. त्यांचं खातं मागे उघडंच राहिलं होतं आणि त्यात ब्राउझर चालू होता. उजव्या हाताला 'साइन आउट'. ऋताने बाण तिथे नेला.

"थांब!"

आवाज एवढा मोठा झाला की बाल्कनीत निशी कुरकुरली. दोघीही श्वास रोखून थांबल्या. ती पुन्हा झोपली.

"थांब जरा. त्यात माझं काहीतरी अर्धं आहे. सेव्ह होत नाही ते."

त्या खात्यात शिरायला त्यांनीच वाकून पासवर्ड टाकला. पडदा उघडायला वेळ लागला. वीसेक खिडक्या होत्या. पायथनचे धडे, सहावीचा अभ्यासक्रम, पुन्हा पायथन. सगळ्यांत पुढे एक अर्ज होता. जवळच मुल्लानपूरला नवी शाळा निघत होती, तिथे कॉम्प्युटर शिक्षिका हवी होती, अर्धवेळ. शेवटची तारीख आजची.

ऋताने ती तारीख पुन्हा वाचली. लीलावतीबाई घाईने सांगू लागल्या.

"इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात रागिणीताई म्हणाल्या, म्हणून नुसतं भरून बघितलं. सकाळची शाळा आहे, साडेबाराला सुटते. नोकरी लागली तर तुझं काम तीनपासून असणार, असं तू प्रसन्नला सांगत होतीस ना, ते कानावर आलं. निशीजवळ सकाळी तू, दुपारी मी. पण हे आपलं माझं गणित. तुमचं दोघांचं काही वेगळं ठरलं असेल."

"काहीच ठरलं नाहीये."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

लीलावतीबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

ऋताने अर्ज खाली सरकवत नेला. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं नीटनेटकं भरलेलं. कायमचा पत्ता, मिरज. त्याच्याखाली सध्याच्या पत्त्याचा रकाना कोरा होता आणि त्याच्याभोवती लाल रेघ आली होती.

"हा राहिलाय."

"तिथेच अडकले बघ. मिरज घातलं तर ते कशाला बोलावतील? आणि इथला घालायचा तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "जाऊ दे. तुझा पेपर आहे. बंद कर ते, मेमरी मोकळी होऊ दे."

तीनला अकरा मिनिटं होती. ऋताने कीबोर्ड जवळ ओढला. घर क्रमांक लिहिला, पहिला मजला, सेक्टर ३९, चंडीगढ, पिनकोड. माउस ओढत, बाणाची वाट बघत, 'पाठवा'पर्यंत पोचली.

"पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला गं," लीलावतीबाई तिच्या खांद्यावरून म्हणाल्या.