गोधड्या उन्हात, उवा डोक्यात

मी फणी बोलतेय. लाकडी, दोन्ही बाजूंनी बारीक दातांची. रत्नागिरीच्या आठवडा बाजारात कंगव्यांच्या ढिगाखाली दबून होते. तुळसाने मला उचललं, नखाने दात वाजवून पाहिले आणि लेकीसाठी, वेदिकासाठी, घरी आणलं.

घरी आल्या आल्या मला फडक्यात गुंडाळून फळीमागे कोंबलं. पाहुण्यांसमोर माझं नावही काढायचं नाही. उवांची लाज नाही, माझी लाज!

गणपतीला मुंबईची मंडळी आली. सगळे पडवीत डोक्याला डोकं लावून झोपले. ती परत गेली आणि वेदिकाचं डोकं खाजायला लागलं. थोरल्या सीताकाकीने लगेच निकाल दिला, "त्या बौद्धवाडीतल्या रसिकाकडनं आल्या. उद्यापासून तिच्या बाकावर बसायचं नाय गो!"

"ती माझी मैत्रीण हाय!" वेदिका रडली. ऐकतंय कोण?

गोधड्या उन्हात टाकल्या, उशा उसवल्या, काकाने ट्रंकेत पावडर मारली. अहो शहाण्यांनो, ऊ गादीत संसार करत नाही, तिला डोकं लागतं! तुळसाने मला फिरवून वेदिकाचं डोकं साफ केलं, तरी आठवडा सरतो तोच उवा परत हजर. पोरगी रोज काकीच्या डोक्याला डोकं लावून, एकाच उशीवर झोपायची. पण थोरल्या बाईच्या केसांना हात लावणार कोण? पूजा करणाऱ्या डोक्यात उवा होत नाहीत, असा या घराचा कायदा.

रविवारी रसिका स्वतःच अंगणात आली. "बघा माझं डोकं."

वेदिकाने पांढरा कागद पसरला, मला तिच्या केसांतून ओढलं. कागद कोरा.

"आता तू, काकी," वेदिका म्हणाली.

"मी? डोकं फिरलं काय गो तुझं?"

"बसा वयनी," तुळसाचा आवाज या घरात पहिल्यांदाच चढला.

अंबाडा सुटला. मी घुसले. एका ओढीत कागदावर जत्रा भरली!

"अगो, ह्या तर तुझ्याच!" काका ओरडला. काकीला मान वर करवेना.

रसिका कागदाकडे बघत म्हणाली, "काकी, आता आमच्या वाडीत येऊ नका हां."

सोमवारी दोघी पुन्हा एकाच बाकावर बसल्या. काकीच्या गुंत्यात माझे दोन दात मोडले. मोडू देत, मी ते मिरवते. काकी आता दर रविवारी निमूट माझ्यापुढे बसते.

तेव्हा मोठ्यांनो, दुसऱ्याच्या पोरीकडे बोट दाखवायच्या आधी खाली बसा. केस सोडा. मी तयार आहे.