शून्याऐवजी दोन

खोडून खोडून आलेखाचा कागद फाटायला आला, तरी लताबाईला रेघ ओढता येईना.

अठ्ठ्याहत्तर साल. नाशिकरोडच्या एका दवाखान्यात आयाचं काम करणारी लताबाई तेहतिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसली होती. पास झाली तर नर्सच्या ट्रेनिंगला नाव लागणार होतं, आणि वयाची मुदत याच वर्षी संपत होती. शेजारच्या वर्गात तिची मुलगी मैना हाच बीजगणिताचा पेपर लिहीत होती. आईला आलेख शिकवले ते मैनानेच.

"सोपंय गं आई. एक्स शून्य धर, वाय काढ. मग वाय शून्य धर, एक्स काढ. दोन बिंदू मिळाले की पट्टी ठेव अन् ओढ रेघ."

पण इथे समीकरण होतं, तीन एक्स वजा दोन वाय बरोबर शून्य. एक्स शून्य धरला, वायही शून्य. वाय शून्य धरला, एक्सही शून्य. दोन्ही बिंदू एकाच जागी, अक्ष एकमेकांना छेदतात तिथे. त्या एका ठिपक्यावर पट्टी कशीही फिरत होती. लताबाई बाकावरून उठली. ती पाणी पिऊन आली, पुन्हा बसली. वाटलं, पेपर देऊन टाकावा आणि सरळ ड्यूटीवर जावं.

मग चिडूनच तिने एक्सच्या जागी दोन घातले. वाय तीन आला. ठिपका दिला, पट्टी टेकवली, रेघ ओढली.

फाटकाशी मैना रडवेली उभी होती.

"आई, तो आलेखाचा प्रश्नच चुकलाय ना? दोन्ही बिंदू एकच येतात. मी तेच करत बसले, पुढचं सगळं राहिलं."

लताबाईने पदराने तोंड पुसलं. "असेल बाई. छापताना चुकलं असेल. चल."

घर येईपर्यंत मैना पेपर काढणाऱ्याला शिव्या देत राहिली आणि लताबाई भराभरा पुढे चालत राहिली.

जूनमध्ये निकाल लागला. लताबाई पास झाली. मैनाचं गणित गेलं.

वस्तीतल्या बायका दारात डोकावून गेल्या; पेढे मागावेत की गप्प बसावं, त्यांनाही कळेना. लताबाई नुसती आत-बाहेर करत होती.

"तुझा आलेख आला होता?" मैनाने विचारलं.

"आला होता."

"मग त्या दिवशी खोटं का बोललीस?"

"दुसऱ्या दिवशी तुझा भूगोल होता."

मैना उंबऱ्यावरून उठली. स्टोव्हला पंप मारला, चहा केला. कपबशी आईसमोर ठेवत म्हणाली, "घ्या, नर्सबाई."

लताबाईने ती उचलली. घाईत चहा बशीत सांडला. मान खाली घालून तिने तो बशीतूनच पिऊन टाकला.